भिंतीकडे तोंड करून बसणारे सर

आधी तक्रार सांगून टाकते, म्हणजे पुढचं चांगलं बोलायला मन मोकळं राहील. आमच्या ज्युडोच्या वर्गातल्या सात जणांना काळा पट्टा मिळाला तो माझ्या पाठीवर. खरंच पाठीवर. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत ठरलेल्या क्रमाने नऊ थ्रो करून दाखवावे लागतात, प्रत्येक थ्रो उजवीकडून आणि डावीकडून. म्हणजे अठरा वेळा कुणाला तरी उचलून आपटायचं. हा पडणारा परीक्षा देणाऱ्याने स्वतःबरोबर आणायचा असतो. पडणारा चांगला असला की फेकणाऱ्याचं काम उजळून दिसतं. पडणारा घाबरट असला तर चांगल्या फेकणाऱ्याचंही मातेरं होतं. आमच्या वर्गात सगळ्यात चांगली पडणारी मी. म्हणून सातही वेळा सरांनी मलाच उभं केलं. मी पडले, ते पास झाले, पेढे वाटले गेले, फोटो निघाले. त्या सगळ्या फोटोंत मी कडेला उभी आहे, तपकिरी पट्ट्यात, काळ्याच्या एक पायरी खाली.

हा राग माझा अजून गेलेला नाही. आणि तरीही या माणसाइतकं मला कुणी काही दिलेलं नाही.

सर सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, गेलेल्या कागदाची नोंद करायची, एवढंच काम त्यांनी आयुष्यभर केलं. संध्याकाळी सहाला ते नंदनवन वस्तीतल्या समाजभवनात येत. इन केलेला शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कोऱ्या चहाचा थर्मास. आत शिरले की आधी दाराशी पडलेल्या सगळ्यांच्या चपला एका ओळीत लावत, तोंडं बाहेरच्या बाजूला. मग पांढरा जाड कोट घालून येत, आणि तो कोट घातला की त्यांच्या तोंडातलं ‘तुम्ही’ संपत असे. मॅटवर समोर डॉक्टर असो की पाचवीतलं पोर, सगळ्यांना ‘तू’.

वर्गाची हजेरीसुद्धा त्यांनी कचेरीतल्या नोंदवहीसारखीच आखली होती. आलं की आवकमध्ये नाव, निघालं की जावकमध्ये. शिकवायचेही त्याच भाषेत. समोरच्याने जोरात ढकललं आणि एखादा पोरगा अंग ताठ करून उभा राहिला, की सर ओरडत, “अबे, टेबलावर कायले ठेवून राहिला? ताकद आली ना? आवक झाली. आता लगेच जावक कर!” म्हणजे, ढकलणाऱ्याचा जोर अडवू नको, तोच वापरून त्याला पुढे काढ. मोठमोठ्या पुस्तकांतून जे समजलं नसतं ते आमच्या पोरांना या दोन शब्दांत समजायचं.

मी भांडीवाली. जुने कपडे घेऊन त्यावर स्टीलची भांडी देणारी. डोक्यावर टोपली घेऊन मी कन्हानपासून सदरपर्यंत गल्ल्या तुडवल्या आहेत. दोन पँटी आणि एका साडीवर एक पातेलं ठरायचं, बाई म्हणायची वर दोन वाट्या दे, मी म्हणायची साडीचा काठ तर विरलेला आहे. ऊन डोक्यावर आलं तरी मी वाटी सोडत नसे. आज नंदनवनात माझं स्वतःचं दुकान आहे आणि ते कुणाच्या मेहरबानीने झालेलं नाही. घासाघीस हा माझा धंदा आणि चिडणं हा माझा स्वभाव. गिऱ्हाईक हे दोन्ही जाणून येतं.

या वर्गात मी घातलं होतं ते माझ्या मुलीला. ती अकरा वर्षांची होती. मी बाकावर बसून राहायची. पहिल्याच आठवड्यात पाहिलं तर पोरींना नुसतं पडायलाच लावलं होतं. उठा, पडा, उठा, पडा. मी बसल्या जागेवरून आवाज टाकला.

“काहो सर, पन्नास वेळा काहून? तीस नाही चालत?”

सर वळले. “चालते ना बाई. मंग बाकीच्या वीस वेळा हाड मोडलं तं माह्याकडे येऊ नका.”

“दहा दहा करून रोज वाढवा. पोरगी आहे, पोतं थोडी आहे?”

“असं करा, तुम्हीच पडून पाहा. मंग भाव करू.”

भावाचं नाव काढल्यावर मी मागे हटणार होते काय? ओढणी कमरेला बांधली आणि उतरले. तिसऱ्या पडण्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले. पन्नास पूर्ण केले आणि म्हटलं, “आता बोला.” सर म्हणाले, “आता काय बोलायचं? उद्या ये.” बाईचं ‘तुम्ही’ त्या क्षणी संपलं होतं, हे घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. मुलगी पुढे दोन वर्षांत कंटाळून नाचाच्या वर्गाला गेली. मी राहिले.

सरांची सगळ्यात विचित्र सवय म्हणजे आम्ही पडायला लागलो की ते प्लास्टिकची खुर्ची भिंतीकडे फिरवत आणि आमच्याकडे पाठ करून बसत. नवीन आलेले आईबाप चिडत. फी भरून मास्तर भिंतीकडे पाहतो, हे काय? पण सर ऐकत असत. पडताना तळहात मॅटवर आपटायचा असतो, त्याचा एक आवाज येतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. सर भिंतीशी बोलावं तसं बोलत: “हा कोण, निखिल? हात उशिरा. ही सायली. कोपर आधी टेकलं. हे कोण पडलं? नवीन आहे काय? मान वर घे बापू.” एकदाही नाव चुकलं नाही.

इतर लोक याला चमत्कार म्हणत. मला त्यात चमत्कार वाटला नाही, कारण मीही पातेल्याला टिचकी मारूनच पत्रा जाड की पातळ ते सांगते. म्हणूनच या माणसाबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला. वरून चकचकीत दिसणाऱ्या मालाला न भुलणारा माणूस मी तोवर धंद्याबाहेर पाहिला नव्हता.

त्यांच्या कौतुकाचा एकच शब्द होता, “हं.” माझ्या वाट्याला तो चौथ्या वर्षी आला. मी पडले आणि भिंतीकडून “हं” ऐकू आलं. त्या दिवशी मी दुकानात एका बाईला दोन चमचे फुकट दिले. नोकर माझ्याकडे पाहतच राहिला.

त्या पडण्याने माझं काय केलं तेही सांगते. सक्करदऱ्याकडून येताना वाळूवर माझी गाडी सरकली आणि मी उडाले. काही कळायच्या आत हनुवटी छातीला लागली होती, हात आपटला होता, आणि मी गोल फिरून उभी होते. धडकता धडकता राहिलेल्या ऑटोवाल्याने हात जोडले. “मावशी, तुम्ही सर्कसमध्ये होत्या काय?” मी त्याला आधी शिव्या घातल्या, मग रस्त्यातच बसून रडले. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “कोणत्या बाजूनं पडली?” “डाव्या.” “उजवी कच्ची आहे तुही. आज उजवीकडून पन्नास.”

तर असा माणूस. आता माझ्या पट्ट्याची गोष्ट.

दरवर्षी परीक्षेचे फॉर्म निघाले की मी विचारायची, “सर, यंदा मी?” ते म्हणायचे, “पाहू.” कारकुनाच्या तोंडचं ‘पाहू’ म्हणजे काय ते सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही कळेल. एकदा मी सरळ सौदा मांडला. “सर, पाच जणांसाठी पडले. त्यावर माही एक परीक्षा द्या.”

“बाई, जुने कपडे देऊन पट्टा भेटत नाही.”

सगळी पोरं हसली. मीही हसले, पण ते मनात राहिलं.

सात झाले त्या वर्षी त्यांनी स्वतःहून सांगितलं, पुढच्या वेळी तुझा नंबर. मी वर्षभर तयारी केली. आणि परीक्षेच्या आठ दिवस आधी त्यांनी नाव पाठवलं ते प्रणालीचं. प्रणाली एकोणीस वर्षांची, माझ्यानंतर चार वर्षांनी आलेली. तिच्याबरोबर पडायला कोण? मी.

मी गेले. नाही म्हणायचा अभिमान मला परवडला असता, पण गेले. परीक्षक बाहेरगावचे होते. सर नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून बसले होते. पहिला थ्रो छान झाला. दुसरा खांद्यावरून. त्यात मी डोक्यावर मारायला हात उगारायचा, तो धरून प्रणालीने वळायचं आणि मला खांद्यावर घेऊन पुढे टाकायचं. पडणाऱ्याने या क्षणी आपलं वजन पुढे द्यायचं असतं. मी दिलं नाही. बोटभर मागे बसले. बस, एवढंच.

हे ठरवून केलं का? वकिलाला सांगायचं तर नाही. तुम्हाला सांगते, हो.

प्रणाली माझ्याखाली आली. तिचा गुडघा आत वळला आणि ती ओरडली. परीक्षक धावले, म्हणाले घामाने पाय घसरला. सगळ्यांना तेच दिसलं होतं. फक्त सर खुर्ची फिरवून माझ्या पायांकडे पाहत होते. प्रणालीच्या नाही, माझ्या. त्यांना माझ्या हाताचा आवाज यायला हवा होता आणि तो आलाच नव्हता.

दोन दिवस मी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सदरला त्यांच्या कचेरीत गेले. ते कागदांवर नंबर टाकत होते.

“सर, पोरगी घसरली नाही. मी मागे बसली.”

“माहीत आहे.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “तू खरं बोलली तं मीबी बोलतो. तीन वर्षांपासून तुहा फॉर्म भरून माह्या ड्रॉवरमध्ये आहे. तू पास झाली असती. पण तू पट्टा घेऊन गेली असती तं पोरायसाठी पडाले कोण होतं? तुह्यासारखं पडणारं दुसरं कोणी नाही माह्याजवळ. मी लालची झालो, बाई.”

दुकानदार चांगला माल शोकेसमधून काढत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. मी इतक्या जोरात भांडले की साहेब केबिनमधून बाहेर आले. तीन वर्षं! माझं वय काय वाढत नव्हतं? तुमच्या पोरांच्या पट्ट्यांसाठी माझी पाठ स्वस्त होती काय? कचेरीतले सगळे उठून उभे राहिले. सर बसून ऐकत होते. मी दमल्यावर त्यांनी थर्मासचं झाकण माझ्यापुढे सरकवलं.

“चहा घे. आता काय करायचं ते सांगतो. माही चूक मी दुरुस्त करीन. तुही तू कर. आधी त्या पोरीकडे जा.”

माझा हक्क मारला म्हणून मी एका पोरीचा गुडघा मोडावा काय, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पुन्हा भांडले असते. विचारलं नाही, म्हणून तो प्रश्न घेऊन मी एकटीच जिना उतरले.

प्रणालीच्या आईने मला दारात उभं केलं नाही. प्रणालीच पाय ओढत बाहेर आली. मी सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, मले वाटलंच होतं. मी पूर्ण तुमच्या भरवशावर वळली होती ना.” एवढं बोलून ती आत गेली. मला आयुष्यात पुष्कळ शिव्या बसल्या आहेत, त्यांचं मला काही वाटत नाही.

गुडघा सुधारायला वर्ष गेलं. मी दर रविवारी तिच्या घरी जायची. पहिले दोन महिने तिची आई दार उघडायची आणि आत निघून जायची. मग एक दिवस म्हणाली, “आल्या आहात तं बसा.” पुढच्या परीक्षेला प्रणालीने स्वतः माझं नाव सांगितलं. आईने विचारलं, पुन्हा हीच काहून? प्रणाली म्हणाली, “कारण तेच आहे आई, यांच्याइतकं चांगलं कोणी पडत नाही.” त्या दिवशी मी अठरा वेळा अशी पडले की माझा राग, माझं वय, माझी पाठ, काही मध्ये आलं नाही. ती पास झाली.

त्याच्या पुढच्या वर्षी सरांनी माझा फॉर्म पाठवला. तोवर ते नोकरीतून निवृत्त झाले होते. आणि तेव्हा कळलं की माझ्यासाठी पडायला कुणीच तयार नाही.

निखिलची पाठ दुखत होती. सायलीचा पेपर होता. प्रणालीला डॉक्टरांनी पडायला मनाई केली होती, नाहीतर ती आली असती, हे मी शपथेवर सांगते. बाकीच्यांची कारणं मी ऐकली आणि समजले. गोष्ट सगळ्यांना कळलेली होती. जी बाई रागात मागे बसली, ती रागात फेकेल तेव्हा काय होईल? मी त्यांच्या जागी असते तर मीही माझं डोकं अशा बाईच्या हातात दिलं नसतं.

“होऊन जाईल,” एवढंच सर म्हणत राहिले.

परीक्षेच्या सकाळी माझं नाव पुकारलं. मी एकटीच मॅटवर गेले. परीक्षकांनी विचारलं, “सोबत कोण?” दुसऱ्या वर्गाचा एखादा पोरगा मागून घ्यावा, त्याला कसं पटवावं, याचं मी मनात जुळवत होते. तेवढ्यात भिंतीकडची खुर्ची सरकली. सरांनी चष्मा काढला, घड्याळ काढून चष्म्याच्या डबीत ठेवलं, डबी आणि नोंदवही प्रणालीच्या हातात दिली.

“मी.”

परीक्षक गोंधळले. “सर, तुम्ही? तुमचं वय...”

“फॉर्ममध्ये पडणाऱ्याच्या वयाचा रकाना नाही. मी पाहिला आहे.”

इतक्या वर्षांत सरांना पडताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. पोरांत अशी बोलवा होती की त्यांना पाडता येतच नाही. मी समोर वाकून नमस्कार केला. त्यांनी माझा कोट धरला आणि ओठ न हलवता म्हणाले, “दया करू नको. हलकं फेकलं तं मले लागन. पुरं फेक.”

मी पुरं फेकलं. साठीला टेकलेला तो माणूस माझ्या खांद्यावरून असा गेला की वजन लागलंच नाही. हात मॅटवर आपटला तो आवाज आम्हाला रोज शिकवलेला, पण आम्हा कुणाकडून तो तसा कधीच निघाला नव्हता. ते उठले, कोट सारखा केला, पुन्हा समोर आले. पुन्हा फेकलं. डावीकडून. कमरेवरून. पायाने. दहाव्या-बाराव्या वेळी त्यांना धाप लागली, उठायला क्षणभर जास्त लागू लागला, पण पडणं तसंच. त्या दिवशी माझे थ्रो माझ्या लायकीपेक्षा चांगले दिसले. त्या सात जणांना आणि प्रणालीला माझ्यामुळे काय मिळालं होतं ते मला तेव्हा कळलं.

मी पास झाले.

नंतर चार दिवस सर वर्गाला आले नाहीत. पाचव्या दिवशी काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा फोन आला. “काय वं बाई, माह्या म्हाताऱ्याले असं आपटतात काय?” मी दुकान नोकरावर टाकून धावले.

सर पलंगावर पालथे होते. पाठीला मलम, उशीत हनुवटी, आणि समोर मोबाइल. प्रणालीने परीक्षेचं चित्रण केलं होतं, तेच पाहत होते.

“चार दिवसांपासून हेच चालू आहे,” काकू म्हणाल्या. “जो येते त्याले दाखवतात. दूधवाल्यालेबी दाखवलं.”

“ये. हे पाह्य,” सर म्हणाले. त्यांनी चित्र थांबवलं. ते हवेत होते, दोन्ही पाय वर. मला वाटलं आता चुका निघणार. त्यांनी बोट ठेवलं माझ्या डाव्या हातावर. तो त्यांच्या बाहीला घट्ट धरून वर ओढत होता.

फेकणाऱ्याने अगदी शेवटपर्यंत ती बाही धरून ठेवायची असते. तेवढ्याने पडणाऱ्याचं डोकं वाचतं. परीक्षेच्या घाईत बहुतेक सगळे ती सोडून देतात. माझी बहुतेकांनी सोडली होती.

“अठराच्या अठरा वेळा धरली,” सर म्हणाले. “मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. एकदाही सोडली नाही तू.”

मी धरली होती हे मलाच माहीत नव्हतं.

“धरली म्हणतात, अन् पालथे पडून आहेत!” काकू म्हणाल्या.

“धरली नसती तं फोटोले हार घालावा लागला असता वं तुले.”

वर्गात सर कुणाला पायाला हात लावू देत नसत. ज्युडोत वाकून नमस्कार करतात, तेवढा पुरे, म्हणायचे. आज ते पालथे होते, अडवणार कसे? मी पलंगाच्या पायथ्याशी गेले आणि हात पुढे केला. तशा काकू ओरडल्या, “अगं, काय करून राहिली? निजलेल्या माणसाच्या पायाले हात लावतात काय! अपशकुन असते!”

माझा हात तसाच राहिला. मोबाइल बाजूला ठेवून सरांनी दोन्ही तळवे गादीवर टेकले.

“थांब,” ते म्हणाले. “उठून बसतो.”

त्यांना उठून बसायला बराच वेळ लागला. मी थांबले.